शुक्राची चांदणी आणि लष्कराची वही

यंदाच्या अंकासाठी एखाद्या पुस्तकाचे परीक्षण लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा माझ्या टेबलावर दोन कादंबऱ्या आणि एक कवितासंग्रह पडून होता. तिन्ही मी वाचले आहेत. तिन्हींविषयी चार बरे शब्द लिहिता आले असते. परंतु गेली तीन-चार वर्षे शाळा सुटल्यावर मी जे आवडीने वाचत आलो आहे ते यांपैकी काहीच नव्हे. ते वाङ्मय निराळेच आहे. त्याच्या लेखकांची नावे बहुधा काळ्या शाईने खोडलेली असतात, त्याला आरंभ असतो पण शेवट क्वचितच असतो, आणि त्याचा विषय एकच असतो : आकाशात दिसलेला आणि ओळखू न आलेला दिवा. निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनी अशा दिव्यांच्या ज्या नोंदी करून ठेवल्या, त्यांविषयी मला लिहायचे आहे.

सरकारी नोंदींना वाङ्मय कसे म्हणावे, असे कोणी विचारील. पण इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेली जुनी पत्रे आपण मराठी गद्याचे नमुने म्हणून वाचतोच की नाही? कोठे किती घोडा आला, नदीला पाणी किती होते, हे लिहिणाऱ्याला आपण गद्यलेखक होतो याची कल्पनाही नव्हती. चौकीवरच्या शिपायालाही ती नसते. म्हणूनच त्याचे लिहिणे तपासून पाहण्याजोगे असते.

या वाचनाचा नाद मला लागला तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी स्वतःची होती.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता, शनिवार होता. आमचे गाव वणी तालुक्यात. सूर्यास्ताला गुढ्या उतरल्या होत्या, जेवणे व्हायची होती, आणि उन्हाळा लागल्यामुळे निम्मे गाव ओट्यांवर होते. पावणेआठच्या सुमाराला पश्चिमेकडून आकाशात जळते दिवे आले. एक नव्हे, एकामागे एक असे अनेक, आणि प्रत्येकाला मागे झगझगीत शेपूट. उत्तरेच्या अंगाने ते पूर्वेकडे वर्धा नदीच्या दिशेने निघून गेले. आवाज आमच्यापर्यंत काही आला नाही. कोणी म्हणाले विमान पेटले. कोणी म्हणाले रशियाने सोडलेले काहीतरी भरकटले. ते दिवस युक्रेनच्या युद्धाचे होते. शेजारच्या म्हातारीने हात जोडले आणि मला विचारले, "काय हाये जी ते, मास्तर?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. खाजगी शाळेत लहान वर्ग शिकवतो, आणि दोन-तीन कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावात माझ्या शब्दाला उगाच वजन आहे. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "उल्का आहेत." झाले. ओट्याओट्यांवरून तो शब्द फिरला आणि लोक जेवायला गेले.

सोमवारी मी पाचवीच्या मुलांना पाडव्याच्या रात्री पाहिलेले लिहायला सांगितले. बहुतेकांनी 'उल्का पडल्या' असे लिहून सरांची मर्जी राखली. एका मुलाने मात्र उल्का हा शब्दच लिहिला नव्हता. त्याने लिहिले होते की दिवे एकामागे एक चालले होते, त्यांना घाई नव्हती, वरातीत बत्त्या जातात तसे ते जात होते, आणि मी तेहतीस मोजले तेव्हा ते कडुलिंबाआड गेले. मी त्याखाली तांबड्या शाईने 'उल्का असे लिहावे' म्हणून शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले.

त्याच आठवड्यात सगळा उलगडा झाला. पाडव्याच्या रात्रीच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी, मोकळ्या जागेवर धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडली होती. माणसाच्या उंचीहून मोठा तिचा व्यास, वजन चाळीस किलोच्या घरात. दैव बलवत्तर म्हणून कोणाला इजा झाली नाही. आसपासच्या गावांत गोल टाक्याही सापडल्या. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. पहिल्या रात्री काहींनी त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवले होते. पण अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'चांग झेंग ३-बी' या रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. तो त्याच तासाभरात खाली येण्याची अपेक्षा होती, आणि त्याची वाट महाराष्ट्रावरूनच जात होती.

ही वाट कळते कशी? पृथ्वीभोवती फिरणाऱ्या लहानमोठ्या हजारो तुकड्यांची एक यादी अमेरिकेचे सैन्य राखते. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, आणि तो खाली यायला लागला की त्याचे अंदाजे वेळापत्रकही निघते. म्हणजे आमच्या ओट्यावरून दिसलेला दिवा एका दूरदेशीच्या लष्करी वहीत वर्षभर आधीपासून लिहिलेला होता. या विचाराने मला एकाच वेळी आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली.

राहिला तो मुलगा. उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरपासून सत्तरएक किलोमीटरपर्यंत वेगाने येते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती विझते. कक्षेतून ढळलेले रॉकेट आठाच्या आत-बाहेर वेगाने, जवळजवळ आडवे येते, आणि मिनिट-मिनिट दिसत राहते. तेव्हा 'घाई नव्हती' आणि 'तेहतीस मोजले' हीच त्या रात्रीची आमच्या गावातली खरी शास्त्रीय नोंद होती. तिच्यावर मी तांबडी शाई फिरवली होती. नाव माहीत आहे या ऐटीत मी वर्णन कापले.

तेव्हापासून मी या वह्या वाचू लागलो. इंग्रजी माझे बेताचेच. शब्दकोश उशाशी घेऊन वाचावे लागते. पण बरेचसे कागद आता खुले झाले आहेत आणि त्यांची भाषा कवींच्या भाषेपेक्षा सोपी आहे.

या वाङ्मयाचा आदिग्रंथ म्हणावा असे काही नाही, पण आदिवाक्य मात्र आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाच्या अमेरिकन वैमानिकाला माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकचकीत वस्तू उडत जाताना दिसल्या. त्या कशा जात होत्या हे सांगताना त्याने उपमा दिली : पाण्यावरून बशी भिरकावली म्हणजे ती जशी टप्पे घेत जाते, तशा. उपमा गतीला होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि 'उडत्या तबकड्या' हा शब्द जन्माला आला. त्यानंतर लोकांना तबकड्याच दिसू लागल्या. अर्नोल्डच्या वस्तू तबकडीसारख्या गोल नव्हत्या, हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

आपल्या शाळेतल्या अलंकारांच्या धड्याची मला येथे आठवण होते. हे तर नव्हे ना, की ते असेल, अशी मनाची दोलायमान स्थिती वर्णिली की ससंदेह अलंकार होतो. आणि एक वस्तू दुसरीच आहे असा भ्रम होऊन माणसाच्या हातून तशी कृती घडली की तो भ्रांतिमान. मुले या दोहोंत नेहमी घोटाळा करतात. मी त्यांना सांगतो, बाबांनो, कृती शोधा. दोरीला साप म्हणून माणूस थबकला तर तो ससंदेह. काठी आणून दोरी बडवली तर भ्रांतिमान. लष्करी नोंदींचे सारे गुणदोष मला या दोन अलंकारांत सापडतात. चांगली नोंद ससंदेहात थांबते. वाईट नोंद भ्रांतिमानात पडते, आणि काठी जेथे तोफ असते तेथे या घोटाळ्याला चार गुण कापून भागत नाही.

अमेरिकेच्या वायुदलाने या दिव्यांसाठी १९५२ पासून जो विभाग चालवला त्याला 'प्रोजेक्ट ब्लू बुक' म्हणत. त्याच्या आधीही दोन विभाग होऊन गेले होते. १९६९ च्या डिसेंबरात ते दुकान बंद झाले तेव्हा वहीत १२,६१८ नोंदी होत्या, आणि त्यांपैकी ७०१ पुढे 'ओळख पटली नाही' असा शेरा होता. या विभागाचा पहिला प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट याने १९५६ साली त्यावर पुस्तक लिहिले. ते मला आवडले. माणूस सैनिक आहे, त्याला शैली नाही, आणि शैली नसल्याचा संकोचही नाही. कोणी काय पाहिले, वारा कोणीकडचा होता, कोणी तपासात टाळाटाळ केली, हे तो सरळ सांगत जातो. पण १९६० च्या आवृत्तीत त्याने तीन नवी प्रकरणे जोडली आणि त्यांत, हे सगळे थोतांड आहे, असा सूर लावला. तो सूर बरोबर असेलही. पण पहिल्या भागातला कान टवकारलेला माणूस तेथे नाही. कादंबरीकार म्हणून मला हा दोष ओळखीचा आहे. आपणही शेवटच्या प्रकरणात असेच घाईघाईने सगळ्यांची लग्ने लावून टाकतो.

त्या वहीतली सर्वांत करुण नोंद तिच्याही आधीची आहे. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात आकाशात एक मोठी चकचकीत वस्तू दिसू लागली. थॉमस मँटेल हा पंचवीस वर्षांचा वैमानिक तिचा पाठलाग करीत वर वर गेला. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. वीस हजार फुटांच्या वर त्याची शुद्ध गेली असावी; विमान कोसळले आणि तो गेला. चौकशीअंती सांगण्यात आले की तो शुक्राच्या मागे लागला होता. दिवसाढवळ्या शुक्र! तो दिसत नाही असे नाही, पण कोठे पाहायचे हे नेमके ठाऊक असल्याखेरीज टिंबाएवढा शुक्र दुपारी सापडत नाही. त्याला कोणी प्रचंड म्हणणार नाही. पुढे वेगळाच उलगडा पुढे आला. त्या काळी अमेरिकेचे नौदल 'स्कायहूक' नावाचे शंभरएक फूट व्यासाचे फुगे गुपचूप उंच आकाशात सोडत असे. मँटेलला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. एका खात्याच्या गुपिताने दुसऱ्या खात्याचा माणूस गेला, आणि मध्ये शुक्राचे नाव विनाकारण खराब झाले.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे या विषयावर लिहिणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एकाला प्रत्येक दिव्यात परग्रहावरचे पाहुणे दिसतात, दुसऱ्याला प्रत्येक दिव्यात शुक्र. दोघेही नाव आधी ठेवतात आणि बाळ नंतर पाहतात. 'तबकडी' हा जसा उतावळा शब्द, तसाच त्या दिवशीचा 'शुक्र' हाही उतावळाच. आणि माझा 'उल्का' हा शब्दही त्याच पंगतीतला.

ब्रिटनच्या संरक्षण खात्याने अशा नोंदींसाठी एक छापील नमुनाच ठेवला होता. २००९ च्या अखेरीस त्यांनी ते काम बंद केले. जुन्या फायली २००८ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुल्या झाल्या. त्या नमुन्यातले प्रश्न वाचून माझ्यातला मास्तर खूष झाला. दिवस कोणता, वेळ काय, किती वेळ दिसले. तुम्ही कोठे उभे होता, घरात की बाहेर. नुसत्या डोळ्याने पाहिले की दुर्बिणीने. कोणती दिशा, किती उंचीचा कोन. हवा कशी होती. जवळपास काय होते. निबंध शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला आजवर सापडलेली नाही. दुर्दैवाने उत्तरे बहुधा प्रश्नांइतकी चांगली नाहीत. अर्धी माणसे वेळ विसरतात आणि दिशेच्या जागी स्वतःची छाती कशी धडधडली ते लिहितात.

आता आपल्या सैन्याकडे येतो. ज्या नोंदीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती हीच आहे.

लडाखात पँगाँग सरोवराच्या काठी ठाकुंग नावाची चौकी आहे. सरोवर चौदा हजार फुटांवर. पलीकडे चीनचा ताबा. २०१२ च्या ऑगस्टपासून तेथल्या जवानांना क्षितिजावर पिवळसर दिवे वर येताना दिसू लागले. दिवा चीनच्या बाजूने उगवे, तासन्‌तास सावकाश सरके आणि नाहीसा होई. मोटारीवरचे रडार आणून लावले, त्यावर काही उमटेना. नोव्हेंबर २०१२ मध्ये हे प्रकरण 'इंडिया टुडे'ने छापले, तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने असेही आले होते की हान्‌ले येथील वेधशाळेच्या लोकांनी तीन दिवस पाहणी करून हे दिवे ग्रहताऱ्यांपैकी नव्हेत असे सांगितले आहे. तोवर चौकीवर एक शब्द रुळला होता : ड्रोन. चिनी ड्रोन.

मग बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेला पाचारण करण्यात आले. जुलै २०१३ मध्ये कलकत्त्याच्या 'टेलिग्राफ'मध्ये बातमी आली. ऑगस्ट ते फेब्रुवारी या काळात सैन्याने ३२९ वेळा हे दिवे नोंदले होते. त्यांतल्या १५५ नोंदींत, दिव्याने प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडली, असे होते. एक दिवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला उगवून पहाटे पाचला मावळे; दुसरा पहाटे चारला येऊन दिवसाचे अकरा वाजेपर्यंत दिसे. संस्थेने उत्तर दिले : पहिला गुरू, दुसरा शुक्र.

ही बातमी तेव्हा साऱ्या जगात हसण्यावारी गेली. मला मात्र त्यात हसण्याजोगे फारसे दिसत नाही. आमच्याकडे हरभऱ्याला ओलीत करायला शेतकरी रात्रीचे जातात, कारण पंपाला वीज रात्रीची असते. पीक डुकरांपासून राखायला माळ्यावर जागल असते. त्या माणसांना शुक्राची चांदणी घड्याळासारखी ठाऊक आहे. आमच्या आजीच्या काळी ती उगवली की जात्याला हात लागे. पण त्याच शेतकऱ्याला अनोळखी प्रदेशात, चौदा हजार फुटांवर नेऊन उभा करा. तेथली हवा इतकी विरळ आणि निर्मळ की ग्रह दिव्यासारखा टपोरा दिसतो. क्षितिजालगत असेपर्यंत तो थरथरतो, तांबडा-हिरवा होतो. काळोखात एकट्या प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहिले की थोड्या वेळाने तो हलल्याचा भास होतो. हा डोळ्याचा गुण आहे, भित्रेपणाचा नव्हे. आणि समोर तो देश, ज्याच्याशी १९६२ साली काय झाले हे प्रत्येक रंगरुटाला माहीत असते. त्या शिपायाने दिवा पाहून लिहिले नसते तर तो गुन्हा होता. त्याने लिहिले. ३२९ वेळा लिहिले. पहारेकरी म्हणून त्याला पैकीच्या पैकी गुण.

माझा आक्षेप एका क्रियापदाला आहे : 'ओलांडली.'

काळोखात दिसणाऱ्या दिव्याची दिशा डोळ्याला कळते, अंतर कळत नाही. शंभर पावलांवरचा कंदील आणि कोट्यवधी मैलांवरचा गुरू यांत डोळा फरक करू शकत नाही. तेव्हा 'दिवा दिसला' हे प्रत्यक्ष; 'अमुक डोंगराच्या डावीकडे दिसला' हेही प्रत्यक्ष. पण दिव्याने जमिनीवरची रेषा ओलांडली असे लिहायला दिवा किती दूर आहे ते माहीत हवे, आणि ते कोणालाच माहीत नव्हते. १५५ वेळा अनुमान प्रत्यक्षाचा पोशाख करून वहीत बसले. 'ड्रोन' हे नाम पुसता आले असते, पण 'ओलांडली' या क्रियापदात शत्रूचा हेतूही आला आणि आपला अपमानही आला. एप्रिल २०१३ मध्ये त्याच लडाखात देपसांगच्या पठारावर चिनी तुकडीने तंबू ठोकले आणि दोन्ही सैन्ये तीन आठवडे समोरासमोर उभी राहिली. अशा वेळी कोणी ती वही काढून रकान्यांची बेरीज वाचून दाखवली तर ऐकणाऱ्याला १५५ अतिक्रमणे ऐकू येतील. गुरू ऐकू येणार नाही.

दुसरी गोष्ट वाचनाची. रोज रात्री नोंद होत होती, म्हणजे उत्तर त्या वहीतच होते. तारा किंवा गुरूसारखा संथ ग्रह आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. महिन्याला साधारण दोन तास. अशा ग्रहाची स्वतःची चाल त्यात थोडा फरक करते, पण हिशेब मोडत नाही. कोणत्याही सेनापतीला शत्रूचे ड्रोन महिनेन्‌महिने असे चार-चार मिनिटांनी अलीकडे आणता येणार नाही. आम्हा मास्तरांना हजेरीपट दोन तऱ्हांनी वाचायची सवय असते. आडवा वाचला की एका मुलाची महिन्याची हजेरी कळते. उभा वाचला की त्या दिवशी गावात बाजार होता की कापसाची वेचणी लागली होती, ते कळते. लडाखची वही ज्यांनी वर पाठवली त्यांनी ती रात्रीमागून रात्र अशी आडवी वाचली असावी. वेळेचा रकाना वरून खाली उभा वाचणारा माणूस अखेर बंगळुराहून यावा लागला. ज्या जवानांनी वेळा नेमक्या टिपल्या त्यांच्यामुळेच तो उभा वाचता आला, हे मात्र बातम्यांत फारसे कोणी म्हटले नाही.

आणि हान्‌लेचे ते आधीचे उत्तर? ग्रह नव्हेत, असे कोणी म्हटले असेल तर ते का म्हटले असेल? एखाद्या रात्री जवानांनी दाखवलेला दिवा खरोखरच दुसरा असू शकेल. किंवा शास्त्रज्ञाचे 'सांगता येत नाही' हे वाक्य वर जाता जाता 'ग्रह नाही' असे झाले असेल. पोष्टमनच्या हातून पत्र जसेच्या तसे पोचते, अधिकाऱ्याच्या तोंडून निरोप तसा पोचत नाही. या जागी मी ससंदेहातच राहणे पसंत करतो.

अशीच एक नोंद मला फार आवडते. ती अमेरिकेच्या सी.आय.ए.च्या कागदांत आहे आणि १९६८ सालची आहे. त्या वर्षाच्या आरंभी लडाख, नेपाळ, सिक्कीम, भूतान या पट्ट्यात दिसलेल्या दिव्यांची ती जंत्री आहे. ४ मार्चला लडाखात पांढरा प्रकाश आणि स्फोटाचे आवाज. २५ मार्चला नेपाळच्या कास्की भागात मेघगर्जनेसारखा आवाज करीत फुटलेली जळती वस्तू. पोखऱ्याजवळ बालतीचौर येथे खड्ड्यात तबकडीच्या आकाराची धातूची वस्तू सापडली : तळ सहा फूट, उंची चार फूट. तशाच वस्तूचे तुकडे आणखी दोन गावी मिळाले. बस, एवढेच. लेखकाने पाहुण्यांचे नाव घेतले नाही, शत्रूचे घेतले नाही, देवाचेही घेतले नाही. फुटपट्टी लावली आणि तो थांबला. उपग्रहांचे युग तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. लाडबोरीच्या कडीची बातमी वाचलेल्या माणसाला ही नोंद वाचताना दुसरे काही सुचतच नाही. पण तिच्या लेखकाने मोजमाप लिहिले म्हणूनच चोपन्न वर्षांनंतरच्या एका मास्तराला ते सुचू शकते.

अमेरिकेत अलीकडे हा विषय पुन्हा वर आला आहे. २०२१ च्या अहवालात १४४ नोंदी होत्या आणि एकाच नोंदीचा उलगडा झाला होता : हवा जाऊ लागलेला फुगा. त्यांनी जुने नाव टाकून 'अनोळखी घटना' अशा अर्थाचे नवे नाव घेतले आहे. 'वस्तू' म्हणण्यापेक्षा 'घटना' म्हणणे अधिक प्रामाणिक, एवढे मी मानतो. अहवाल म्हणून मात्र तो नीरस आहे. त्यात तक्ते आहेत, पण माणूस कोठे उभा होता हेच कळत नाही. त्यांच्याच नव्या कार्यालयाने २०२४ मध्ये जुन्या वह्या चाळून परग्रहाचा पुरावा मिळत नाही असे सांगितले, आणि वर्तमानपत्रे दोन दिवसांत गप्प झाली.

दिवाळीच्या रात्री फटाक्यांचा धूर विरल्यावर वाचकांनी मुलांना घेऊन अंगणात एक खेळ करून पाहावा. आकाशात ठळक, एकटी चांदणी निवडावी आणि तिच्याकडे टक लावून पाहावे; ती थोड्या वेळाने हलते असे कोणीतरी नक्की म्हणेल. मग छपराची कड किंवा झाडाची फांदी चांदणीशी जुळवून, डोके भिंतीला टेकवून पाहावे. भास थांबतो. मग पाव तासाने पाहावे. आता ती खरोखर सरकलेली असेल. दोन्ही वेळी मुलांना काय दिसले तेवढेच लिहायला सांगावे. नाव विचारू नये.

आमच्या त्या मुलाच्या वहीतला शेरा मी नंतर खोडला. गुण वाढवून दिले तेव्हा त्याने विचारले, "सर, मंग उल्का नव्हती का जी?" मी नाही म्हणालो. त्याला फारसे आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

ब्रिटनने आपल्या वह्या उघडल्या, अमेरिकेने बऱ्याचशा उघडल्या. ठाकुंगची वही उघडण्यातही आता कसले गुपित फुटणार आहे? गुरू आणि शुक्र तर सर्वांचेच आहेत. ती कधी छापली गेली, तर मी बेरजा वाचणार नाही. मला पहिले पान पाहायचे आहे. ऑगस्टातल्या पहिल्या रात्री, चौकीवर 'ड्रोन' हा शब्द रुळण्याआधी, थंडीने आखडलेल्या बोटांनी त्या जवानाने काय लिहिले होते : दिवा, चांदणी, की आणखी काही.